मडगाव कुणी शोधलं?

स्टेशनजवळच्या केबिन रोडवर महिपतच्या पेपर स्टॉलवर दर शनिवारी क्रीडा साप्ताहिकाचा शेवटचा उरलेला अंक रुचितासाठी ठेवलेला असायचा. त्या शनिवारी तो भूपेशच्या हातात होता.

"दोनच पानं राहिलीत," तो म्हणाला.

"ती माझी आहेत. तू वाचलेलीसुद्धा."

त्याने अंक दिला, पण हलला नाही. पुढच्या शनिवारपासून दोघं एकच अंक वाचू लागले... एकेक पान, जरा जास्तच सावकाश.

अठ्ठ्याण्णव साल होतं. देशातली मोठी फुटबॉल स्पर्धा तीन शहरांत होणार होती. राई गावातलं भूपेशचं मंडळ निघायला तयार होतं, तिकीट मात्र एकाकडेही नव्हतं. सगळ्यांना कलकत्ता हवं होतं. मैदान मोठं म्हणून. रुचिताचं म्हणणं, मैदान मोठं तशी रांगही मोठी. तिने मडगावच्या मावशीला पत्र टाकलं, नव्या कोकण रेल्वेच्या वेळा काढल्या. मावशीचं उत्तर आलं: मडगावला सामन्याच्या सकाळी खिडकीवर तिकिटं मिळतात, नाहीच मिळाली तरी सराव फुकट बघता येतो. हे सगळं लिहून तिने दोन फुलस्केप कागद भरले. ते घेताना भूपेशची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर थांबली.

रविवारी ती राईला गेली. मंडळाच्या फळ्यावर भूपेशच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: सहल मडगाव, योजना भूपेश. खाली बारा पोरांची नावं, पहिलं भूपेशचं. सेक्रेटरी उत्तमदादांच्या बायकोचं, आशावहिनींचंही. रुचिताचं कुठेच नाही. तिने भूपेशकडे बघत फळ्यावर बोट ठेवलं.

"तुझं नाव टाकलं असतं तर गावात चर्चा झाली असती," भूपेश पुटपुटला.

"म्हणून माझं काम तुझ्या नावावर? मला विचारलंस?"

"न्हाय..."

"माझ्या नावाची काळजी मी घेते. तू फक्त ते चोरू नकोस."

कॅरम खेळणारी पोरं वळून बघू लागली. फळ्यावरचं ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, असा मंडळाचा नियम. भूपेशने सगळ्यांदेखत शर्टाच्या बाहीने आपलं नाव पुसलं. लिहिलं: योजना रुचिता. मग खडू यादीपाशी अडखळला.

"इथे तुझं नाव लिहिलं, तर विचारतील ही तुझी कोण. काय सांगू?"

"तुला काय सांगायचंय?"

"की... हिच्याबिगर मला मडगाव नको हाय."

तिचा राग गेला नव्हता. तिने त्याच्या हातातून खडू घेतला आणि यादीत त्याच्या नावाच्या वर आपलं नाव लिहिलं.

"पुढच्या रविवारी मीरा रोडला आमच्या घरी ये. मला सहलीला नेऊ का, ते आईबाबांना तूच विचार," ती म्हणाली. "आणि मडगाव कुणी शोधलं, तेही तूच सांग."