कुंपणापलीकडची खरखर

त्या संध्याकाळी गल्लीतल्या लोकांना एक विचित्र दृश्य पाहायला मिळालं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी, एरवी मान खाली घालून निमूट घरी जाणारी, आज एका हातात छोटा रेडिओ आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या तारेचं भलंमोठं कडं धरून चालली होती. चार पावलं टाकायची, थांबायची, कडं या बाजूला वळवायची, त्या बाजूला वळवायची. रेडिओतून नुसती खरखर येत होती, आणि गंमत म्हणजे खरखर जितकी वाढेल तितका तिचा चेहरा खुलत होता.

एका फाटकापाशी ती खरखर अगदी कान किटवायला लागली. तिने बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या माणसाचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. कपाळावरची बट त्याने मनगटाने मागे सारली, तर कपाळालाही माती लागली.

"माफ करा," ती म्हणाली, "पण तुमच्या घरातून आवाज येतोय."

त्याने वळून घरात पाहिलं, मग तिच्याकडे. "घरात मी एकटाच असतो... आणि मी तर अजून काही बोललोच नाही."

"तुमचा नाही. विजेवर चालणारं काहीतरी आहे. संध्याकाळी सुरू होतं आणि माझा रेडिओ पार बुजवून टाकतं."

"गाणी ऐकू येत नाहीत का?"

"गाणी नाही. मी बोलते रेडिओवर. हौस आहे माझी. रीतसर परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय. आमच्या बाल्कनीतून गच्चीच्या टाकीपर्यंत तार बांधलीये, ती माझी अँटेना. तिच्यावरून लांबलांबच्या माणसांशी बोलते."

"पण... फोन नाही का तुमच्याकडे?"

हा प्रश्न तिला सगळेच विचारायचे आणि तिचं डोकं फिरायचं. पण हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आहे की," ती म्हणाली. "पण फोनवर ज्याचा नंबर असतो तोच भेटतो."

तो दारातून बाजूला झाला. "या. आवाज करणारं काय असेल ते बहुतेक मला कळलं."

मागच्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी मांडण्या होत्या आणि प्रत्येक फळीवर इवल्याइवल्या रोपांचे ट्रे. वर ओळीने दिवे लावलेले, फिकट गुलाबी उजेडाचे. घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने नुकतीच रोपवाटिका सुरू केली होती. बिया रुजवायचं काम या खोलीत चालायचं.

"दिव्यांचे अडॅप्टर," ती पटकन म्हणाली. "एकदा बंद करून बघता?"

त्याने बटण दाबलं. खोलीत अंधार झाला, खरखर थांबली... आणि त्या शांततेत तिच्या हातातल्या रेडिओतून एका माणसाचा आवाज वर आला. दूरचा, हेलकावे खाणारा, कुठल्यातरी अनोळखी भाषेत कुणाला तरी काहीतरी समजावून सांगणारा. दोघेही रेडिओवर वाकले. ओल्या मातीचा वास तेवढा भरून राहिला होता.

"कुठून बोलतायत हे?" त्याने हळूच विचारलं, जणू त्या माणसाला ऐकू जाईल.

"काय माहीत. समुद्रापलीकडून असेल."

"आणि हे आवाज रोज माझ्या खोलीवरून जातात?"

"जातात. तुम्ही त्यांना अडवता," ती म्हणाली, आणि अंधारातही तिला जाणवलं की तो हसला.

मग तिने तिची अडचण सांगितली. ती कॉलेजात असताना तिचा पहिला क्षीण आवाज एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पकडला होता. त्यांना ती काका म्हणायची, ते तिला चिमणी म्हणायचे. अँटेना कशी ताणायची, तारांना सोल्डरचा टाका कसा मारायचा, कुणी बोलत असताना आपण कसं गप्प बसायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. इतकी वर्षं झाली, अजून एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी बोलणं मात्र ठरलेलं. हल्ली या खरखरीत काकांचा आवाज हरवून जायचा.

"तेवढा तासभर दिवे बंद ठेवले तर?" तिने विचारलं. "रोपांना काही...?"

"रोपं काही रुसून बसत नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही फक्त सांगत जा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती बाल्कनीत यायची, कठड्यावरून वाकायची. "बंद करा हं."

"केले," कुंपणापलीकडून उत्तर यायचं.

पण या दोन शब्दांना हळूहळू फाटे फुटत गेले. आज काकांचा आवाज कसा होता, कुठलं बी रुजलं, कुठलं रुसलं, चष्म्याच्या दुकानात आज कोण कसा चेहरा करून आरशापुढे उभं राहिलं... बाल्कनीतून ओरडून बोलणं बरं दिसत नाही म्हणून ती खाली कुंपणापाशी जायला लागली. तिची मावशी, जिच्या घरी ती राहायची, हे सगळं पडद्याआडून पाहत होती.

"अगं, दिवे बंद करा सांगायला एक वाक्य पुरतं," एकदा मावशी म्हणाली. "तुमचं पाऊण तास काय चालतं?"

"तांत्रिक चर्चा असते, मावशी."

"असू दे हो. आमच्या वेळी तिला वेगळं नाव होतं."

एकदा तिच्या लक्षात आलं की तो कुंपणापाशी उभ्याउभ्या जांभया देतोय. खोदून विचारल्यावर कळलं, संध्याकाळचा बुडालेला उजेड भरून काढायला तो पहाटे उठून दिवे लावत होता.

"अहो, मग टायमर बसवायचा ना. वेळ लावून दिली की आपोआप चालू, आपोआप बंद."

"आहे माझ्याकडे. खोक्यात पडलाय."

"मग लावला का नाही?"

त्याने कुंपणावरच्या वेलाचं एक सुकलेलं पान तोडलं, उगाचच उलटंपालटं करून पाहिलं. "लावला असता... तर तुम्ही रोज सांगायला आला नसतात."

"काका वाट बघत असतील," एवढं म्हणून ती वळली. जिना चढताना आपण हसतोय हे तिला मावशीच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं.

आणि मग ती संध्याकाळ आली, जेव्हा काकांनी सांगितलं की मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन चाललाय. एकट्याने राहणं आता झेपत नव्हतं. मुलाचा फ्लॅट मधल्या मजल्यावर, गच्चीवर कुणाला काही लावू देत नाहीत. "सोमवारी माझा अँटेनाचा खांब उतरवणार, चिमणे. रविवारी शेवटचं बोलून घेऊ," ते म्हणाले बहुतेक. कारण निम्मे शब्द ऐकू आलेच नाहीत. दिवे बंद होते, खरखर नव्हती, पण हल्ली काकांचा आवाजच बारीक झाला होता, आणि तिची तार टाकीच्या आडोशाला, फार खाली होती.

ती कुंपणापाशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिने सांगितलं ते सगळं त्याने मधे न बोलता ऐकलं.

"तार उंच नेली तर फरक पडेल, असं तुम्ही मागे म्हणाला होतात," तो म्हणाला. मग रोपवाटिकेच्या टोकाला असलेल्या उंचच उंच झाडाकडे बोट केलं. "ते चालेल?"

तिने मान वर करून पाहिलं. चालेल काय, अशा झाडासाठी तिने जीव टाकला असता.

रविवारी सकाळपासून दोघं कामाला लागली. त्याने सुतळीला दगड बांधून वरच्या फांदीवरून नेमका पलीकडे टाकला, सुतळीमागून दोरी ओढली, दोरीला कप्पी चढवली. तिने नवी तार मोजून घेतली, मधोमध केबल जोडली, टाके मारले. तारेचं एक टोक तिच्या गच्चीवर, दुसरं त्याच्या झाडावर. वाद झाला तो ताणण्यावरून.

"अजून ओढा," ती गच्चीवरून म्हणाली. "झोळ राहतोय."

"राहू द्या थोडा. झाड वाऱ्यावर डोलतं. घट्ट बांधलं तर एक तर तार तुटेल, नाही तर फांदी." त्याने दोरीचं टोक बांधून न टाकता त्याला वाळूने भरलेला डबा लटकवला. वारा आला, फांदी झुकली, डबा अलगद वरखाली झाला, आणि तार होती तशीच राहिली.

ती बघतच राहिली. काकांनी कधीतरी हीच युक्ती सांगितली होती आणि तिने कानाआड केली होती.

संध्याकाळी तिने त्याला आपल्या खोलीत सेटशेजारी स्टुलावर बसवलं. "एक अट. तुमच्याकडे लायसन्स नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही."

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

तिने हाक दिली, बटण सोडलं, आणि काकांचा आवाज खोलीत असा उमटला की मावशीसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"चिमणे! अगं, शेजारी येऊन बसल्यासारखी बोलतेस आज. काय केलंस काय? ओव्हर."

"तार उंच झाडावर गेली, काका. शेजाऱ्यांनी चढवली. ओव्हर."

"कोण, ते खरखरवाले? ओव्हर."

त्याने हसू दाबायला हाताने तोंड झाकलं.

"तेच. ओव्हर."

"कसा आहे माणूस? ओव्हर."

तिने बटण दाबलं. तो समोर बसला होता, मान खाली, नखातली माती काढण्यात गुंतल्यासारखा. "बरे आहेत" म्हणून तिला सहज सुटता आलं असतं. पण ज्या काकांशी ती कधी खोटं बोलली नव्हती त्यांच्याशी हे शेवटचं बोलणं होतं.

"सांगितलेलं लक्षात ठेवणारा आहे, काका," ती हळूहळू म्हणाली. "मी बोललेलं एकही वाक्य त्याने वाया जाऊ दिलं नाही. आणि... तो दिसला नाही तर संध्याकाळ संपता संपत नाही. ओव्हर."

मग काका म्हणाले, "हे मला काय सांगतेस? त्याला सांग."

"तो... इथेच बसलाय."

तेवढ्यात त्याच लहरीवर ऐकत बसलेला तिसराच कुणीतरी मधेच बोलला, "आम्हीपण ऐकतोय हं, चिमणी. अभिनंदन." आणि काकांचं खोकल्यात मिसळलेलं हसू कितीतरी वेळ येत राहिलं.

निरोपाचं बोलणं काकांनी लांबवलं नाही. वायर पावसात उघडी ठेवू नकोस, वीज चमकली की सेटची केबल काढून ठेव, जेवत जा वेळेवर. मुलाकडचा पत्ताही त्यांनी लिहून घ्यायला लावला. शेवटी रेडिओवाले एकमेकांना शुभेच्छा म्हणून जो आकडा सांगतात तो सांगितला. "सेव्हंटी थ्री, पोरी." आणि आवाज थांबला. तिनेही तोच आकडा उच्चारला.

सेट बंद करून ती तशीच बसून राहिली. मावशी केव्हाच आत निघून गेली होती. त्याने तिची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. तिने डोळे पुसेपर्यंत तो गप्प बसून होता.

"आता बोललं तर चालेल?" त्याने विचारलं. "लायसन्स लागणार नाही ना?"

तिने रडवेल्या डोळ्यांनी मान हलवली.

"तू सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोललीस. मला इतके दिवस कुंपणापाशी उभं राहूनही जमलं नाही." तो थांबला. तुम्हीचं तू झालं होतं आणि दोघांच्याही ते लक्षात आलं होतं. "मला तू आवडतेस. पहिल्या संध्याकाळपासून. तुझ्या बाजूने जसं आहे तसंच माझ्याही."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "पण ऐकायचं होतं."

खिडकीबाहेर झाडावर अजून थोडा उजेड होता. तो तिकडे, तारेकडे पाहत होता.

"काकांच्या मुलाच्या फ्लॅटला बाल्कनी असेल ना?"

"असेल. का?"

"कठड्याला आतून बारीक तार बांधली तर बाहेरून दिसणारही नाही. फार लांब जाणार नाही आवाज, पण थोडा तरी जाईल ना?"

"जाईल," ती म्हणाली. "तारेची लांबी जमवावी लागेल. पण जाईल."

"मग पुढच्या रविवारी जाऊ या."

"अरे, पण मी त्यांना अजून पाहिलेलंसुद्धा नाही. दार उघडल्यावर काय सांगायचं?"

"तू फक्त बोल," तो म्हणाला. "आवाजावरून ओळखतील ते."

तिने हात पुढे केला. त्याच्या बोटांना सकाळच्या दोरीचे वळ पडले होते. ती बोटं तिने हातात घेतली, आणि आतून मावशीने चहासाठी हाक मारली तरी सोडली नाहीत.