निकानोरचा हेडफोन

काय म्हणालास, हायदेर? आवाज झकास आहे? अरे, दुकानात सगळ्यांचाच आवाज झकास असतो. घामात भिजव, ट्रकवरून पाड, मग बोल. चार नाच वाजवले की तुमच्या या हेडफोनची मान मोडते. खरा टिकाऊ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आज कुणी फुकट दिला तरी मी कानाला लावणार नाही.

का, म्हणे! बस खाली. तो दिवा राहू दे चालू.

खालच्या गल्लीतला एलिएसेर माहीत आहे ना, दाढीवाला? त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं तेवढं मी माझ्या या बोटांनी तपासलंय. त्याचा थोरला भाऊ निकानोर पिको, म्हणजे रस्त्यावरच्या नाचांची गाण्याची मशीन, वाजवायचा. भिंतीएवढे स्पीकर, वर पिसाळलेलं रानडुक्कर रंगवलेलं. माणूसही तसाच हट्टी. त्याचं एक गाणं होतं, अख्ख्या कार्ताहेना शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही. नाच संपायचा तो त्याच गाण्यावर. कुणी चोरू नये म्हणून त्यानं तबकडीवरचा नावाचा कागद खरवडून काढला. तसं सगळेच करतात. पण या पठ्ठ्यानं घरातल्या झाडून सगळ्या तबकड्या खरवडल्या! म्हणजे ती कुठली, हे सख्ख्या भावालाही कळू नये. "मेलो तरी देणार नाही," म्हणायचा.

आणि मेला. मोटरसायकलवरून ट्रकखाली. गळ्यातल्या हेडफोनला चरासुद्धा नाही.

नऊ रात्री वेदी मांडून जागायचं, नववीच्या पहाटे चादर उतरवून मेलेल्याला निरोप द्यायचा, ही आपली रीत; आणि नववी रात्र आली नेमकी अकरा नोव्हेंबरला. सोमवार. सगळं शहर स्वातंत्र्याच्या सणासाठी रस्त्यावर, गल्लोगल्ली पिको धडधडतायत, आणि या एका घरात मेणबत्त्या, पांढऱ्या चादरीची वेदी, फोटोपुढे पाण्याचा पेला. एलिएसेर बसायला आलेल्यांसाठी कॉफी आणि बिस्किटं आणायला गेला होता. परत येतो तो आई, दोन्या साबिना, वेदीला पाठ लावून बसलेली.

"पहाटे ही चादर उतरवायची नाही," ती म्हणाली.

"आई, असं काय करतेस? नऊ रात्री झाल्या. जाऊ दे दादाला."

"जाईल कसा? त्याचं गाणं वाजल्याशिवाय तो कधी उठलाय का मशीनवरून? रोज रात्री त्याची खुर्ची करकरते, ऐकू येत नाही तुला? तशीच चादर उतरवलीस तर माझं पोर दारात अडकेल रे. कायमचं!"

"बरं, मग एकेक वाजवून बघतो."

"खबरदार! दुसरं काही मोठ्यानं वाजलं तर त्याला वाटेल, नाच अजून चालू आहे."

नऊ दिवस तिच्या पोटात कॉफीशिवाय काही गेलं नव्हतं. ओठ काळे पडलेले. एलिएसेर समजून चुकला. गाणं सापडलं नाही, तर या घरातून दुसरी शवपेटी निघणार.

तो मागच्या खोलीत गेला, भावाच्या खुर्चीत बसला, हेडफोन चढवला. त्याची उजवी वाटी काय सांगू! बाहेर तोफा डागल्या तरी आतली झांज वेगळी ऐकू यायची. डाव्या वाटीत मात्र काहीच नव्हतं. पडदा फाटला तेव्हा निकानोरनं तो उपटून तिथं चिंधी कोंबली होती.

एक तबकडी लावली. ही नव्हे. दुसरी. हीही नव्हे. तिसरीवर सुई टेकवली आणि...

"च्च."

डाव्या कानात.

तुला सांगतो, निकानोरची ती खोडच होती. धाकट्यानं चुकीची तबकडी पुढे केली की जीभ टाळूला लावून, च्च.

एलिएसेर दचकून खुर्चीतून अर्धा उठला. पण पळाला नाही. उलट जिवात जीव आला त्याच्या. दादाच सांगतोय! जिथं च्च होणार नाही, ती आपली. भराभर लावत सुटला. च्च. च्च. एका तबकडीला तर उजवी वाटीही मुकी झाली. वायर हलवली, फुंकर मारली. काही नाही... आणि डावीकडे च्च. तबकडीच बाद असेल म्हणून बाजूला ठेवली. पुढचीला आवाज पुन्हा ठणठणीत.

ढीग उतरत गेला.

च्च.

मेणबत्त्या बुडाशी आल्या. बाहेरचे पिको एकेक थांबले. आई हाक मारत होती, "सापडलं का रे?" हाकही आता क्षीण...

शेवटची तबकडी.

च्च.

संपलं. एलिएसेर टेबलावर डोकं आपटून रडला. "दादा, पाया पडतो तुझ्या. आई मरेल रे..."

डावी वाटी गप्प. पण आत कुणीतरी श्वास घेत होतं.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा हेडफोन ट्रकखाली बंद पडला नाही. घामात नाही, पावसात नाही. मग त्या एकाच तबकडीला कसा बंद पडला?

लबाड! मेल्यावरही लपवतोय!

त्यानं ती तबकडी उचलली. मशीनवर ठेवली.

"च्च."

सुई वर धरली.

"च्च. च्च. च्च."

"दादा... जा आता."

एलिएसेरनं हेडफोनची वायर उपटली. सुई सोडली.

रानडुकराच्या भिंतीतून गाणं फुटलं. तेच! पुढच्या खोलीतून आई ओरडली, "हेच रे, हेच!" आणि उठली. नऊ दिवसांची उपाशी बाई, पण कुणाचा आधार न घेता उठली आणि स्वतःच्या हातानं चादर ओढली. गाणं संपलं. मागची खुर्ची करकरली. एकदाच.

सकाळी मी गेलो तेव्हा म्हातारी भात जेवत होती, डोळे पुसत पुसत. एलिएसेर तसाच मशीनपुढे बसलेला. त्यानं ती तबकडी माझ्या हातात दिली.

मी उजेडात धरली. मग बोट फिरवलं. या बाजूनं, त्या बाजूनं.

गाण्याची एकही रेघ नव्हती रे तिच्यावर. पाटीसारखी गुळगुळीत.