फादर किलियन गप्प का राहिले?

ईस्टरच्या आदल्या दिवशी फादर किलियननी बाळ येशूच्या मूर्तीवरचं जांभळं कापड काढलं, तर खाली मूर्तीचं डोकं उघडं. सोन्याचा मुकुट गेला होता.

ईस्टरआधी दोन आठवडे मूर्ती झाकून ठेवायची कॅथलिकांची रीत, तशी ही झाकलेली होती. मुकुट नेमका कधी गेला, हे कळायला काही मार्गच नव्हता.

आता आमचं आल्टेनरोडेचं राजघराणं लूथरच्या पंथाचं, आणि आम्ही प्रजाही त्याच पंथाची. थोरल्या राणीसाहेब तेवढ्या कॅथलिक, बव्हेरियातून दुसरेपणावर दिलेल्या. राजेसाहेब त्यांचे सावत्र चिरंजीव. राणीसाहेबांच्या खोलीला लागून एक छोटं प्रार्थनाघर होतं, आणि त्यांच्या माहेराहून आलेले हे फादर. राणीसाहेबांची बोली बोलणारं दरबारात दुसरं कुणी नव्हतं. फादरांना कुणी कधी वाकडं बोललं नाही, पण जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी राहायची. आम्ही लोक असेच, काय सांगायचं.

राजेसाहेबांनी विचारलं तेव्हा फादर म्हणाले की मुकुट मी घेतला नाही, याच्यापुढे मला काही विचारू नका. राजेसाहेब भडकले. ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत मुकुट मिळाला नाही तर फादरांनी चंबूगबाळं आवरून सरहद्दीपार व्हायचं, असा हुकूम सुटला. तरी मनात कुठंतरी टोचत असावं, कारण त्याच संध्याकाळी लेबरेख्ट श्टीलरना बोलावणं गेलं.

श्टीलर म्हणजे आमच्या राजधानीतले खाजगी गुप्तहेर. माणूस शिडशिडीत, मोजकं बोलणारा. सोबत मेव्हणा गॉटहोल्ड असायचाच. तो मनानं सोन्यासारखा, पण त्याचं डोकं जरा उशिरा चालायचं.

पहिले भेटले कारभारी बोरनेमान. त्यांचा निकाल आधीच लागला होता. प्रार्थनाघराला दोन दारं. एकाची किल्ली फादरांच्या कमरेला, दुसरं राणीसाहेबांच्या खोलीत उघडणारं. मग राहिलं कोण?

"आणि कापड सोडताना म्हाताऱ्यानं लावलेला वेळ बघायला हवा होता," ते म्हणाले. "हनुवटीखाली साधी सुरगाठ. पोरसुद्धा ओढून सोडेल. हा आपला नाडी हातात धरून उभा, आणि डोळ्यांत पाणी. चोरी पचली नाही, दुसरं काय?"

जाता जाता आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. राणीसाहेबांना हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत. त्यांना तळ्याकाठच्या लांबच्या महालात ठेवावं, असं राजवैद्यांचं मत होतं. त्यात दर वेळी आडवे येत होते ते हे फादरच.

मग आफ्रा आली. ही राणीसाहेबांची दासी. गावातून सकाळी यायची, संध्याकाळी घरी जायची. प्रार्थनाघरात राणीसाहेबांबरोबरच पाऊल टाकायची, एकटी कधी नाही.

"मूर्तीवर कापड कोण बांधतं?" श्टीलरनी विचारलं.

"मीच की, दरवर्षी. मानेमागे घट्ट गाठ मारते. कात्री लावल्याशिवाय सुटायची नाही."

मग तिनंच पुढचं सांगितलं. राणीसाहेबांना एकच मूल झालं होतं, तेही पाळण्यातच गेलं. तेव्हापासून त्यांचा सगळा जीव त्या मूर्तीवर. फादर गेले तर त्या बोलणार कुणाशी, हेच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

राणीसाहेब प्रार्थनाघराच्या अर्धवट उघड्या दाराशी खुर्चीत बसून विणत होत्या. पायाशी त्यांचा कुत्रा. हे दोघे आत गेले तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच झोपलाय."

गॉटहोल्ड कुत्र्याकडं बघून श्वास रोखून उभा राहिला. कुत्रा त्याच्या कोटाचं टोक दातात धरून ओढत होता. श्टीलरनी खाली वाकून, अगदी दबक्या आवाजात, काय विणताय म्हणून विचारलं. राणीसाहेबांनी पांढऱ्या लोकरीचा इवलासा तुकडा दाखवला आणि हसल्या. अजून गारठा आहे ना, म्हणाल्या.

बाहेर आल्यावर गॉटहोल्डला एकदम सुचलं. "दाजी, सोपं आहे. चोरानं फादरांपाशी पापाची कबुली दिली असणार. कबुलीतलं बोलायची फादरांना बंदी. म्हणून तोंडाला कुलूप."

"वाईट नाही हं," श्टीलर म्हणाले. गॉटहोल्ड दिवसभर त्यावरच खूश होता.

रविवारी सकाळी राजेसाहेबांच्या खोलीत सगळे जमले. फादरांची पेटी दाराबाहेर भरून तयार होती. बोरनेमाननी बाहेर थांबावं, एवढी एकच विनंती श्टीलरनी केली. ते गेले, पण नाक मुरडूनच.

"मुकुट चोरीला गेलाच नाही, महाराज," श्टीलर म्हणाले. "आफ्रा गाठ मारते मानेमागे. कारभाऱ्यांनी ती पाहिली हनुवटीखाली. म्हणजे मधे कुणीतरी कापड सोडून पुन्हा बांधलं. चोरानं गाठ होती तिथंच मारली असती. हनुवटीखाली सुरगाठ कोण मारतं? लेकराला टोपडं बांधणारी आई."



"पण दाजी, ती कबुली?" गॉटहोल्ड पुटपुटला.

"कबुलीत ऐकलं असतं तर फादरांना आधीच ठाऊक असतं. ते थबकले गाठ बघून. त्यांना त्या गाठीनंच सांगितलं."

"आणि कुत्रा झोपला होता, ते?"

"कुत्रा तुझा कोट ओढत होता, गॉटहोल्ड. झोपलं होतं ते बाळ, दाराच्या पलीकडं. निजताना मुकुट टोचतो, म्हणून आईनं काढून ठेवला आणि विसरली. लोकरीच्या टोपलीत तळाशी असेल. मी तिथं हात घातलेला नाही."

मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. हे बाहेर फुटलं असतं तर राजवैद्यांना हवं ते मिळालं असतं. राणीसाहेब तळ्याकाठी एकट्या पडल्या असत्या. त्यापेक्षा चोर ठरून निघून जावं, असं फादरांनी ठरवलं होतं.

राजेसाहेब उठून फादरांसमोर आले.

"मला का नाही सांगितलंत?"

"आपण राजे म्हणून विचारलंत, महाराज," फादर किलियन म्हणाले. "लेक म्हणून विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

गॉटहोल्ड खिशात रुमाल शोधू लागला. राजेसाहेब म्हणाले, "तुम्ही कुठंही जायचं नाही. आईही कुठं जाणार नाही."

ते बाहेर पडले, तसे बोरनेमान लगबगीनं मागे आले आणि मुकुटाचं काय झालं म्हणून विचारू लागले. सापडला, एवढंच राजेसाहेब म्हणाले. राणीसाहेबांच्या दाराशी ते थांबले. मग सगळ्यांदेखत खाली बसले, पायातले बूट ओढून काढले, आणि मोज्यांवरच, आवाज न करता, आत गेले.