दार उघडलंच नसतं तर...

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. आमच्याकडे रविवारची दुपार होती. चार वाजून दहा मिनिटं. बाहेर डोकं फिरवणारं ऊन, आणि आम्ही कोल्ड स्टोरेजच्या बोळात स्वेटर घालून उभे.

आधी आम्ही कोण ते सांगते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. माझा धाकटा भाऊ त्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक आहे. सहा फूट उंच आहे, पण घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला मीच वाढवलं. तिसरे म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर, आणि चौथ्या सिस्टर, सरकारी दवाखान्यात नर्स.

चौघांना वेड एकच. अंतराळातली एक जुनी मालिका. नाव सांगत नाही, उगाच तिचे भक्त अंगावर यायचे.

त्या मालिकेत एक गाजलेला भाग आहे. यानाला भोक पडतं, हवा गळायला लागते. यानाचा मेकॅनिक दाराच्या पलीकडे अडकतो. कॅप्टन बाई कुणाचंही न ऐकता दार उघडते आणि त्याला ओढून घेते. तो वाचतो. पण त्यापायी दुसरे दोघे मरतात.

लोक या भागावर जीव ओवाळून टाकतात. माझं मत उलटं. दार उघडायला नकोच होतं. एकाला वाचवायला दोघांना मारलं, आणि वर हिला टाळ्या?

मी हे मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं आणि लोकांनी मला कसाई ठरवलं. मास्तर तर फोन करून म्हणाले, "बाई, काळीज आहे की दगड? तुमचा भाऊ आत असता तरी असंच बोलला असतात?"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "हो. रविवारी या, करूनच दाखवते."

करून दाखवते म्हणजे काय, तर आमचा एक खेळ होता. जर-तर. मालिकेत असं न होता तसं झालं असतं तर? ज्याने 'जर' मांडला त्याने कॅप्टन व्हायचं आणि तो शेवटापर्यंत न्यायचा. रविवारी गोदाम बंद, किल्ल्या बारक्याकडे. चार नंबरची खोली आमचं यान. आत गोठवलेल्या मटारच्या गोण्या आणि उणे अठराची थंडी.

मेकॅनिक कायम बारक्या. तो मागच्या, माल चढवायच्या दाराने आत जायचा. आम्ही पुढच्या जाड लोखंडी दाराबाहेर. आतून तीन ठोके आले की खेळ सुरू. कॅप्टनने शंभरपर्यंत मोजायचं, त्याने गयावया करायची. आणि तो काहीही बोलला तरी शंभरच्या आत दार उघडायचं नाही. नियम म्हणजे नियम.

घाबरण्यासारखं काही नव्हतंच. दाराला आतून हिरवा दट्ट्या असतो. ढकलला की दार उघडतं. बारक्या दर सोमवारी तो तपासतो.

चार दहाला ठोके आले...

एक. दोन. तीन.

मी मोजायला लागले.

वीसपर्यंत नेहमीचंच. "कॅप्टन, हवा संपत आलीय. कॅप्टन, दार उघडा."

सिस्टर हसल्या. "आज रंगात आलाय गडी."

तिसाच्या पुढे त्याने मुठी आपटायला सुरुवात केली. दार हलायला लागलं. ते वीतभर जाडीचं दार मी आजवर हललेलं पाहिलं नव्हतं.

चाळीस...

मुठी थांबल्या. आता काहीतरी जड आपटत होतं. सावकाश. एका लयीत.

मास्तर दाराला कान लावून म्हणाले, "डोकं आपटतोय वाटतं."

"नाटकी आहे मेला," मी म्हणाले आणि मोजत राहिले. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरंच वाटत होतं. मास्तरांचा चेहरा उतरला होता आणि मी जिंकत होते.

साठ.

"ताई..."

माझी जीभ अडखळली. खेळात तो मला कधीच ताई म्हणत नाही. कॅप्टनच म्हणतो.

"ताई, दट्ट्या तुटलाय. मागचं दार पण लागत नाहीये हाताला. ताई, खरंच सांगतोय."

सिस्टरांनी माझा दंड धरला. "अहो, उघडा."

"असंच फसवतो तो," मी म्हणाले. "नियम आहे. शंभर."

सत्तर. ऐंशी.

तो आता रडत होता. मोठ्या माणसासारखा नाही. आई गेली त्या दिवशी रडला होता, तसा. डोकं आपटणं चालूच होतं. प्रत्येक वेळी काहीतरी ओलं वाजायचं.

अठ्ठ्याऐंशीला मी थांबले. हात कडीकडे गेला. मास्तर पुटपुटले, "उघडताय ना? बघा, मी म्हणत होतो."

एवढंच पुरलं मला. मी हात मागे घेतला.

एकोणनव्वद. नव्वद...

शंभराला आत सगळं शांत झालं होतं.

आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "अरे, सुरू केलंत की काय? वॉचमनची शेगडी पेटेना, म्हणून उशीर झाला."

बोळाच्या तोंडाशी बारक्या उभा होता. हातात चहाचा ट्रे. चार कप.

सिस्टर मटकन खालीच बसल्या.

"तू आत नव्हतास?" मी विचारलं.

"मी आत कसा जाईन? मागचं कुलूप अजून काढलंय कुठे?" त्याने किल्ल्या वाजवून दाखवल्या. "काय झालं? भूत बघितल्यासारखं काय करताय?"

तेवढ्यात आतून आवाज आला...

"ताई, तू आहेस ना? उघड गं."

ट्रे खाली पडला. बारक्या पांढराफटक. स्वतःचा आवाज ओळखायला कुणाला वेळ लागतो?

"ताई," तो माझ्या पाठीमागून कुजबुजला, "नको उघडूस."

आणि आतून, "ताई, मरतोय मी."

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. एक भाऊ पाठीमागे, एक दाराआड. दोघंही माझेच. मी कडी ओढली.

चार बोटं जातील एवढंच दार उघडलं. थंड वाफेचा लोट अंगावर आला. आणि त्या फटीतून बाहेर आली... चार बोटं. निळी पडलेली. नखं उपटलेली. दाराच्या कडेला त्यांनी घट्ट पकड घेतली आणि दार बाहेर रेटायला सुरुवात केली. मधल्या बोटावर वेल्डिंगचा जुना डाग होता. त्या डागावर मी स्वतः मलम लावलं होतं.

फटीत एक डोळा दिसला. कपाळ फुटून सगळं तोंड लाल झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

माझं भान सुटलं. मी सगळं अंग दारावर टाकलं.

कडकन आवाज आला. दार लागलं नाही. बोटं मध्ये होती.

"थांबा!" सिस्टर किंचाळल्या. "अहो, त्याचीच बोटं आहेत ती!"

मास्तर माझ्या मदतीला धावले. दोघांनी मिळून पुन्हा दार हाणलं. आतून बारक्या किंचाळत होता. तिसऱ्यांदा हाणलं. कडी लागली.

किंचाळणं मात्र थांबलं नाही. ते आता आमच्या पाठीमागून येत होतं.

बारक्या फरशीवर लोळत होता. दारापासून दहा हात लांब. उजवा हात छातीशी धरलेला, आणि त्या हाताची चार बोटं चेचून लगदा झालेली. नुसत्या कातड्याला लोंबत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हात बघितला, मग माझ्याकडे. "हा हात किती तास बर्फात होता?"

"बर्फात नव्हताच," सिस्टर म्हणाल्या.

"काय सांगता? हाडापर्यंत गोठलाय. चेचला गेला तो नंतर."

बोटं गेली.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी वॉचमनला घेऊन चार नंबर उघडली. आत कुणी नव्हतं. रक्ताचा थेंब नाही. दाराला आतून, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, एक खोल खळगा पडला होता. हिरवा दट्ट्या तुटून खाली पडला होता. गेल्या सोमवारी तो ठणठणीत होता. त्या खोलीत आजवर कुणी मेलेलं नाही, हेही मी दहा जणांना विचारून खात्री करून घेतलंय.

आमचा चौघांचा ग्रुप मोडला. मास्तर फोन उचलत नाहीत. बारक्या माझ्याकडेच राहतो. भर उन्हाळ्यात गॅसजवळ बसतो. मी घास भरवायला गेले की म्हणतो, "डाव्या हाताने जमतं गं आता."

मागच्या महिन्यात भांडी पुसता पुसता मी धीर केला. म्हटलं, "बारक्या, रागावलायस का माझ्यावर?"

तो म्हणाला, "ताई, मला दोन्ही आठवतंय."

"दोन्ही म्हणजे?"

"चहा घेऊन बोळातून येत होतो ते आठवतंय. आणि आत होतो, तेही. तू मोजत होतीस. अठ्ठ्याऐंशीला थांबलीस. मला वाटलं, आता उघडेल ताई."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"मग तू खरंच उघडलंस," तो म्हणाला. "तू मला बघितलंस. ओळखलंस. आणि दार ढकललंस."

मी पदरात तोंड खुपसून रडले. त्याने डावा हात माझ्या पाठीवरून फिरवला. तो हातही गार होता. डोळे पुसून मी विचारलं, "मग आतला तू... सुटलास ना रे तिथून?"

त्याने गॅसची ज्योत मोठी केली.

"नाही," तो म्हणाला. "आतच आहे अजून. आता हाका मारत नाही, एवढंच."

मी दोनदा तिथे जाऊन आले. चार नंबर उघडून बघितली. मटारच्या गोण्या आहेत, दुसरं काही नाही. पण दार परत लावायला माझा हात धजत नाही. वॉचमनला लावायला सांगते आणि मागे न बघता निघते.