बांधावर राज्य कुणाचं?

"बाय, हितं बायका नाय बसत."

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, आणि विशाखा तांबेनं पारावर टेकवलेली पिशवी पुन्हा खांद्याला लावली. देवळापुढं गावातले बाप्ये गोल करून बसले होते. खाडीवरून खारा वारा येत होता आणि कुणाची टोपी, कुणाचा पंचा सारखा सावरावा लागत होता. ती आली होती सरपंचांना भेटायला. चार प्रश्न विचारायचे आणि पाचच्या बसनं वाशीला परतायचं, एवढाच बेत. सरपंच परगावी गेलेले निघाले आणि समोर ही सभा भरलेली. सभा बघून मुकाट्यानं घरी जाईल ती विशाखा कसली.

"का नाही बसत?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्या पारावर आजवर कुणी विचारला नसावा. शेवटी कडेला बसलेला एक तरुण उठला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, आणि ओठ घट्ट मिटून हसू आवरण्याची चाललेली धडपड.

"या, आमचा ओटा शेजारीच आहे," तो हळूच म्हणाला. "तिथून सगळं ऐकू येतं. माझी आई तिथूनच ऐकते."

ओट्यावर त्याची आई, गोजराबाई, सुपात जवळा निवडत होत्या. त्यांनी विशाखाकडं एकदा नीट पाहिलं, सूप मांडीवर ओढून घेतलं आणि जागा करून दिली.

साल त्र्याऐंशी. वाशीत तेव्हा इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. विशाखाचे वडील सिताराम तांबे बंदरात कारकून. मूळचे महाडकडचे, आणि सिडकोच्या घरात नुकतेच राहायला आलेले. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. कॉलेजच्या बाईंनी निबंध दिला होता, 'प्राचीन आणि आधुनिक राज्यपद्धती', आणि वर अट घातली होती की एक तरी पद्धत स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहा. बाकीच्या मुलींनी विधानसभेचे पास मिळवले. विशाखाला मात्र वाटलं, खाडीकाठची ही गावं आपल्या आधीपासून इथं आहेत, त्यांचं कसं चालतं?

पारावर प्रश्न होता गावचं तळं मासळीसाठी कधी उपसायचं याचा. त्या तरुणाचे वडील, भगवान म्हात्रे, गावकीचे पंच. ते एकेका घराचं नाव घेत, आणि त्या घरचा माणूस मोठ्यानं "हाय" म्हणे. होता होता गोटीराम नावाच्या म्हाताऱ्याची पाळी आली. म्हातारा आभाळाकडं बघत राहिला. भगवानदादांनी जरा वाट पाहिली, मग हात झटकला. "मोडला ठराव. फुडच्या बैठकीला बघू."

"पण ते तर काहीच बोलले नाहीत," विशाखा म्हणाली.

"म्हणूनच मोडला," तरुण म्हणाला. "ज्याला पटलं त्यानं तोंडानं सांगायचं. गप्प बसला म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायला माणूस लाजतो, म्हणून आमच्या गावानं ही सोय ठेवलीये."

विशाखा एकदम हसली. "आमच्याकडं बरोबर उलटं."

"वाशीत?"

"वाशीत नाही हो. अडीच हजार वर्षांपूर्वी, भिक्खुसंघात. ठराव तीनदा वाचून दाखवायचे. ज्याला पटला त्यानं गप्प राहायचं. पटला नसेल त्यानंच बोलायचं."

"मग आमचा गोटीरामकाका तिथं फार लाडका झाला असता."

त्यानं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की विशाखाला हसू आवरेना. तिची पाचची बस गेली. मग सहाच्या बसपर्यंत तिला सोडायला तो बांधावरून चालत आला. वाटेत नावं कळली. तो नामदेव, घरचे त्याला नामा म्हणत. बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात पहिली पाळी, दुपारनंतर मोकळा. प्रश्न विचारणारी ही मुलगी त्याला भलतीच आवडली होती, आणि ते लपवायचं कसं हे त्याला मुळीच येत नव्हतं.

निबंधासाठी एक शनिवार पुरला असता. पण विशाखा पुढच्याही शनिवारी गेली, आणि त्याच्या पुढच्याही. कारणं तिच्याकडं भरपूर होती. कधी गावकीचे नियम नीट विचारायचे असत, कधी आधी विचारलेले पडताळायचे. ओट्यावर बसून तीही काय काय सांगत असे. स्पार्टात म्हणे निवडणूक आरडाओरड्यावर चाले. उमेदवार समोरून गेला की लोक ओरडत, आणि ज्याच्या नावानं गलका जास्त तो निवडून येई.

"म्हंजी आमच्या मच्छीबाजारातलीच बाई राणी झाली असती," गोजराबाई सुपातून मान न काढता म्हणाल्या.

अथेन्समध्ये कितीतरी पदं चिठ्ठ्या टाकून देत, मिसरात राजालाच देव मानत, हे सगळं त्या मन लावून ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "आनि त्या अथेन्सान बायका कुठं बसत?"

"बायकांना मतच नव्हतं," विशाखा म्हणाली.

"म्हंजी ओट्यावरच," गोजराबाई म्हणाल्या, आणि पुन्हा जवळा निवडू लागल्या.

नामाचे प्रश्न वेगळे असत. एकदा बांधावरून जाताना तो थांबला. एका बाजूला त्याच्या आजोबांची भातखाचरं होती, आता पडीक; पाच वर्षांपूर्वी बांधासकट सिडकोनं घेतली, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या बाजूला सेक्टरच्या आखणीचे खुंट ठोकलेले.

"मला एक सांगा. गावावर गावकी आहे, ग्रामपंचायत आहे. दिल्लीत लोकसभा आहे. मग तुमच्या वाशीवर राज्य कुणाचं?"

विशाखा मनाशी शोधू लागली. वाशीला नगरपालिका नव्हती, नगरसेवक नव्हता. पाणी सिडको देई, रस्ते सिडको करी, आणि सिडकोला कुणी मत दिलेलं नव्हतं.

"पुस्तकात नाही सापडत," तिनं कबूल केलं.

"मग पुढच्या शनिवारी सांगा. मी वाट बघीन." हे म्हणताना तो बघत होता खुंटाकडं, पण कान लाल झाले होते. विशाखाला ते दिसलं, आणि आपल्याला दिसलं हे त्यालाही कळलं. बस स्टॉपपर्यंत मग दोघं हवेबद्दल बोलत राहिले.

मार्च सरत आला. ऊन चढलं, मिठागरातलं पाणी आटून पांढरी साय धरू लागली. एका संध्याकाळी त्याच बांधावर नामा म्हणाला, "परीक्षा आली. निबंध एकदा दिलात की तुम्ही यायच्या बंद होणार..."

"निबंध मागच्या महिन्यातच दिला."

तो चालायचा थांबला. "मग?"

"मग काय? प्रश्न अजून संपले नाहीत माझे."

वारा पडला होता. तिच्या ओढणीचं टोक बांधावरच्या काटेरी झुडपात अडकलं, ते त्यानं हलक्या हातानं सोडवलं, आणि सोडवल्यावरही हातातच ठेवलं. "विशाखा..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "माझ्याशी लग्न करशील?"

'हो' विशाखाच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि मग तिला सुचलं, की शब्द कशाला हवेत? गप्प राहायचं. याला तर नियम ठाऊक आहे. हा आता दुसऱ्यांदा विचारील, मग तिसऱ्यांदा, आणि मग दोघं मिळून हसू. ती खाली बघत, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत उभी राहिली.

नामा थांबला. फार वेळ थांबला. मग ओढणीचं टोक त्यानं अलगद सोडलं. "बरं," म्हणाला. समोरून बस येत होती.

तीनदा विचारायचं विसरला वेडा, असं मनाशी म्हणत विशाखा खिडकीत बसली, आणि वाशी येईपर्यंत एकटीच हसत राहिली.

पुढच्या शनिवारी तो ओट्यावर नव्हता. दुसरी पाळी घेतली म्हणे. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हता. गोजराबाईंनी आज सूप घेतलं नव्हतं. त्या नुसत्याच बसल्या होत्या.

"उद्या आमी उरणला जाताव," त्या म्हणाल्या. "नामाला पोरगी बघायला. मी इचारलं त्याला, तुज्या मनान कोनी हाय का? तर बोलला, होती, ती नाय बोलली. आता तुमाला आवडंल ती करा." आणि त्यांनी विशाखाकडं असं पाहिलं, की त्यांना सगळं ठाऊक आहे हे तिला कळलं.

विशाखा घरी कशी आली हे तिला नंतर आठवेना. मी कधी नाही म्हणाले? रडू येत होतं आणि रागही. वडील, अण्णा, गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांना तिनं सगळं सांगून टाकलं, अगदी ओढणीसकट.

अण्णांनी पेपरची घडी घातली. "तू हो म्हणालीस त्याला?"

"गप्प राहिले. मी त्याला संघाचा नियम सांगितला होता, अण्णा. त्याला माहीत आहे."

"आणि त्यानं तुला गावकीचा सांगितला होता. जेवताना तूच आम्हाला नक्कल करून दाखवलीस."

सगळ्या जगाच्या राज्यपद्धती विशाखानं पालथ्या घातल्या होत्या. आणि ज्या मातीवर उभी होती तिथं चालतं काय, एवढंच विसरली होती.

"त्या घरात जा," अण्णा सावकाश म्हणाले. "पण आपण कोण ते आधी सांग. बौद्ध आहोत, लपवायचं काही नाही. त्यांनी मानानं घेतलं तर मी पाठीशी आहे. नाही घेतलं तर घरी ये. तरीही पाठीशी आहे."

रविवारी सकाळी म्हात्र्यांच्या दारात टॅक्सी उभी होती. भगवानदादा कडक पांढऱ्या टोपीत, गोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या. नामा इस्त्रीच्या शर्टात, आणि चेहरा असा की जणू दुसऱ्याच कुणाचं लग्न ठरवायला निघालाय. विशाखा बांधावरून जवळजवळ धावतच आली.

"माझं उत्तर न घेता निघालात?"

"घेतलं की," तो खाली बघत म्हणाला. "गप्प होतीस तू."

"हो होतं म्हणून गप्प होते."

नामानं मान वर केली. "बांध आमच्या गावचा आहे, विशाखा. तिथं गप्प म्हणजे..."

"बांध सिडकोनं घेऊन पाच वर्षं झाली. तुम्हीच सांगितलंत."

"मग तिथं तुझ्या संघाचा कायदा कसा लागला?"

"आणि तुमच्या गावकीचा तरी कसा?" तिनं एक पाऊल पुढं टाकलं. "नामा, मला कुणाच्या कायद्याचं काही पडलेलं नाही. हो. ऐकलंत? हो."

अख्ख्या आळीनं ऐकलं. टॅक्सीवाल्यानंही इंजिन बंद केलं. नामा तिच्याकडं बघत होता, आणि इतक्या दिवसांचं ओझं त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसत होतं.

भगवानदादा पायरी उतरून पुढं आले. "कोनाची तू?"

"सिताराम तांब्यांची. वाशीला राहतो. आम्ही बौद्ध आहोत." तिनं एका दमात सांगितलं. हे घर आपल्याला आत घेणार की नाही, एवढंच तिच्या जगात उरलं होतं.

"बाबा, मी उरणला येत नाय," नामा म्हणाला.

"तुला कोन इचारतो?" भगवानदादा त्याच्याकडं न बघताच म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, तू गुनाची दिसतेस. पन मी पंच हाय. उद्या गाव वाळीत टाकंल आमाला. गावाला इचारल्याबिगर मी काय बोलू?"

"गावाला मंग इचारा," मागून गोजराबाई म्हणाल्या. "आदी मना इचारा."

भगवानदादा वळले. गावातल्या एकूण एक घराचं मत त्यांनी आजवर घेतलं होतं. ते बायकोकडं असं बघू लागले, जसा घरात कुणी पाहुणा बसलेला आत्ताच दिसावा.

"काय इचारू तुला?"

"पारावर इचारता तसं. नाव घेऊन."

भगवानदादांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा नीट घातली, घसा खाकरला. "गोजरा... भगवान म्हात्र्याची," ते म्हणाले, आणि जरा अडखळले. "ही पोरगी घरान आनायची का?"

गोजराबाईंनी विशाखाकडं पाहिलं. उन्हानं लाल झालेला चेहरा, धुळीनं भरलेले पाय, डोळ्यांत थोपवून धरलेलं पाणी. मग त्यांनी पायातल्या नव्या चपला काढल्या आणि दाराच्या आत, भिंतीला लावून ठेवल्या.

"टॅक्सी परत धाडा," त्या म्हणाल्या. "आनि नामा, तिला आत घे. उन्हान उभी हाय कवापासून."