जोस्लीनचं व्याख्यान, कैवल्यचा आवाज

आखातातल्या एका शहरात, अल मुंतझा भागातल्या कॅफेटेरियात जोस्लीनने काउंटरवर मोबाइल पुढे धरला. हिंदीत लिहिलं होतं, एक करक चहा, साखर कमी. गर्दीत कुणी बघेना. शेवटी मागच्या तरुणाने ते मोठ्याने वाचलं. तेवढ्यात तिचा अंगठा सरकला आणि पुढचंही त्याने वाचून टाकलं, तेही मराठी... "चौतिसाव्या वर्षी एलिनरचा आवाज गेला."

तो थबकला. "तुम्ही मराठी? आणि ही एलिनर कोण?"

जोस्लीनने टाइप केलं, घशाचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे बोलायचं नाही.

तो कैवल्य, नाशिकचा, दुखानच्या तेलक्षेत्रात इंजिनिअर. ती वसईची, एका हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी आणि चर्चच्या क्वायरमध्ये गाणं. एलिनर व्हिटबी ही दीडशे वर्षांपूर्वीची इंग्लिश गायिका. आवाज गेल्यावर ती गावोगावी संगीतावर व्याख्यानं देत फिरली. तिच्यावर जोस्लीन मराठी मंडळात बोलणार होती. आता तिच्याऐवजी वाचणारं कुणी हवं होतं. हे अनोळखी माणसाला का सांगितलं, तिचं तिलाच कळेना.

"मी वाचेन," तो म्हणाला. "पण ही बाई आधी मला कळायला हवी."

मग दर शुक्रवारी तो दुखानहून ऐंशी किलोमीटर गाडी हाकत यायचा. एलिनर राहायची कुठे, तिचं कुणावर प्रेम होतं का... त्याचे प्रश्न संपत नसत. ती टाइप करायची, तो वाचायला वाकायचा, आणि दोघांचे खांदे — अगदी जरासेच — टेकायचे.

एलिनरच्या एका व्याख्यानाच्या छापील प्रतीत मध्येच एक ओळ होती : येथे मी स्वतः गाईन.

"गायलीच असणार," कैवल्य म्हणाला.

तुला काय माहीत आवाज कसा जातो, असं जोस्लीनने भरभर लिहिलं आणि पुसलं. पण त्याने वाचलं होतं.

"भीती वाटते?" त्याने हळूच विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. पुन्हा गाता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. हे तिने आईलाही कळवलं नव्हतं.

व्याख्यानाच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी थोडं बोलायची परवानगी दिली. घरी तिने स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. आवाज खरखरीत, परका. तिने कैवल्यला काही सांगितलं नाही.

व्याख्यानाच्या संध्याकाळी तो छान वाचत होता. ती ओळ आली, आणि पुढच्या रांगेतल्या शोभाताईंनी मध्येच विचारलं, "मग गायली का ती?"

कैवल्यने जोस्लीनकडे पाहिलं. ती उठली.

"माहीत नाही," ती म्हणाली. आवाज फाटकाच निघाला. "कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यानंतर अकरा वर्षं लोक तिला ऐकायला येत होते."

ती बसली. कैवल्य मात्र वाचायचं विसरून बघतच राहिला... शेवटी कुणीतरी खाकरलं.

नंतर पार्किंगमध्ये दमट वारा सुटला होता. व्याख्यानाचे कागद अजून त्याच्या हातात होते.

"मी एलिनरसाठी येत नव्हतो," तो म्हणाला. "म्हणजे... पहिल्या शुक्रवारी आलो. नंतर तुझ्यासाठी."

"आणि हा आवाज असाच राहिला तर?"

"मी तुझा दुसरा आवाज ऐकलाच नाही, जोस्लीन. मला हाच तुझा वाटतो."

तिने त्याच्या हातातले कागद काढून घेतले, गाडीच्या टपावर ठेवले आणि त्या रिकाम्या हातात आपला हात दिला.