वैनगंगेतली चाकोरी

छप्पन सालच्या जानेवारीतला शनिवार. सकाळी मी चांद्याच्या जटपुरा दरवाज्याजवळ पेट्रोल भरायला थांबलो होतो. कंदील असाच राहू द्या, सांगतो सगळं.

मी तेव्हा आरागिरणीत फिटर होतो. लढाईनंतर मोडीत निघालेली एक जीप मालक खुशालरावांनी ओंडके ओढायला आणली, पण ती शेडमागे गंजत पडली. दोन वर्षं रोज काम सुटल्यावर मी ती जोडत बसायचो. चांदा ते धानोरा आणि दुसऱ्या दिवशी परत, अशी मोटारशर्यत गावातल्या हौशी लोकांनी ठरवली, तेव्हा मी जीप मागायला गेलो.

"जिंकलास तं गाडी तुही, मुखरू," खुशालराव हसले. "हरलास तं तिचा पत्रा शेडवर ठोकतो."

शेजारी बसायला मी लालसूला घेतलं. तो गिरणीत ओंडके चढवायचा. धानोऱ्याकडच्या जंगलातला माणूस, रस्त्याचं वळण न् वळण त्याला पाठ. सात गाड्या होत्या. नागपूरहून आलेल्या कोऱ्या गाड्यांत आमची जीप उभी राहिली, तर मागून कोणी ओरडलं, "बैल कुठी सोडले रे?"

मूल गाव मागे टाकलं आणि रेडिएटर गळायला लागला. दर पाच मैलांवर लालसू डबा घेऊन पाण्याला धावे. धानोऱ्याला पोचलो तेव्हा आम्ही पाचवे, पहिल्या गाडीच्या बावीस मिनिटं मागे. लालसूची आत्या कलाबाई तिथंच राहायची. तिनं मूठभर हळद आणि धावड्याचा डिंक आणून दिला.

"माणसाची जखम बुजते, गाडीची काऊन नाई बुजणार?" ती म्हणाली.

बुजली! रविवारी थेंब गळला नाही. गडचिरोलीच्या अलीकडेच आम्ही एका गाडीला मागे टाकलं. मग पंख्याचा पट्टा तुटला. लालसूनं पळसाची मुळं खणली, दगडानं ठेचली, वाख काढून पिळला आणि दोरीचा पट्टा करून चढवला. गाडी धावायला लागली तसा तो मोठ्यानं गायला लागला. मीही गायलो.

चार वाजता वैनगंगा आली. त्या काळी पूल नव्हता. पाणी ओसरलं की वाळूवर बांबूचे तट्टे टाकून वाट करत. त्या तट्ट्यांच्या मधोमध पहिली नागपुरी गाडी आसापर्यंत रुतली होती, मागे दोन गाड्या अडकलेल्या. लोक ढकलत होते, शिव्या देत होते.

"गेली आपली जीप," मी म्हणालो.

तेवढ्यात उजव्या हाताला, नदीच्या वरच्या अंगाला, इंजिनाचा आवाज आला. वाळूत चाकांच्या दोन ताज्या ओळी सरळ पलीकडे गेल्या होत्या. कोणीतरी वाट काढली होती तर! मी जीप तिकडे वळवली.

लालसूनं माझं मनगट धरलं. "भाऊ... सातही गाड्यांचा हिसाब लाव. तीन इथी हायेत. तीन मागं. आपली सातवी. मंग थे कोनाची?"

"कोनाची का असंना. वाट तं हाय."

"थो आवाज... खालून येऊन राह्यला, भाऊ."

मी ऐकलं नाही. ऐकणार तरी कसा? दोन वर्षांची मेहनत त्या पत्र्यात होती.

दोन्ही काठांवर ऊन होतं. पण पन्नास हात आत गेलो आणि धुकं आलं. चार वाजता, उन्हात! आधी बोनेट दिसेनासं झालं, मग माझेच हात. ओल्या गाळाचा, सडक्या पानांचा वास नाकात भरला. तट्ट्यांवरची ओरड अशी थांबली, जणू कोणी दार लावलं. चाकांखाली वाळू करकरायला हवी होती... काहीच वाजत नव्हतं. आमचं इंजिनही ऐकू येईना. पुढचं मात्र येत होतं. संथ, एकसारखं. मी हळू केलं की ते हळू व्हायचं. आमची वाट पाहायचं...

"थांबू नको," लालसू कुजबुजला. "काई झालं तरी... थांबू नको."

पायांना एवढी थंडी वाजली की क्लच दाबलेला कळेना. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग एक दणका बसला, जीपनं नाक वर केलं, आणि आम्ही भक्क उन्हात पलीकडे, सावली गावाच्या काठावर होतो. पुढं ना गाडी, ना धूळ.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मी फक्त गाडी पळवली. सावली गेली, मूल गेलं. साडेपाचला आम्ही चांद्यात शिरलो, एकटे! ढोलवाल्यांचा विश्वासच बसेना, मग असे वाजवायला लागले की टांग्यांचे घोडे उधळले. रुतलेल्या गाडीच्या बाजूनं नवे तट्टे टाकून दुसरी गाडी यायला तासभर लागला. खुशालरावांनी भर गर्दीत जीपचे कागद माझ्या हातावर ठेवले आणि लालसूला मिठी मारली. गिरणीतल्या लोकांनी आम्हा दोघांना खांद्यावर घेऊन दरवाज्यापर्यंत मिरवलं. एवढा मोठा मी पुन्हा कधी झालो नाही.

सोमवारी रुतलेली नागपुरी गाडी ओढायला आम्हालाच बोलावलं. माझ्याच जीपनं ती काढली. मग राहवेना, म्हणून नावाडी पोचूला घेऊन वरच्या अंगाला गेलो.

माझ्या टायरच्या खुणा स्पष्ट होत्या. त्या उतरत उतरत हिरव्या, स्तब्ध पाण्यात गेल्या होत्या. पलीकडे पाण्यातून निघून काठावर चढल्या होत्या. त्या पुढच्या गाडीच्या ओळी गडचिरोलीकडच्या काठावर होत्या. सावलीकडच्या काठावर नव्हत्या.

"इथून आनली गाडी?" पोचू माझ्याकडे पाहतच राहिला. "हा डोह हाय, भाऊ. उन्हाळ्यातबी आटत नाई."

त्यानं नाव मधोमध नेली आणि लांब बांबू खाली सोडला. बांबू जातच राहिला. हात पाण्याला टेकले तेव्हा खालून आवाज आला... टण्ण. पत्र्यावर वाजावा तसा.

पोचूनं बांबू वर घेतला आणि पुन्हा तिथंच सोडला.

या खेपेला खाली काहीच लागलं नाही. मग नावेच्या अगदी बुडाखाली, पाण्याच्या आतून, टण्ण वाजलं.